सान लोरेन्तेचा उतार

बेनिडॉर्म, ९ मार्च १९८६

तेल्वा,

महिनाभर पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तुझ्या शिव्या ऐकल्या की घरी आल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारीत मायोर्काला सरावात सायकलवरून पडलो, हे तुला कळलंच असणार. आपला औषधवाला माझ्यावरची दोन ओळींची बातमीसुद्धा कापून दुकानाच्या काचेला चिकटवतो. विशेष काही नाही. भुवईवर चार टाके पडले. डोकं शाबूत आहे, म्हणजे पूर्वी जितकं होतं तितकं.

खरी बातमी वेगळीच आहे. टीमनं यंदा नाव्हार्राचा एक पोरगा आणलाय, कोल्दो रेकार्ते. वय तेवीस. चढाला लागला की मागून कुणी ढकलतंय असं वाटतं. एवढा चढणारा मी दहा वर्षांत पाहिला नाही. पण उतार आला की त्याची बोबडी वळते. लहानपणी एकदा वाईट पडला होता म्हणे. म्हणून आमचे डायरेक्टर रिपोलसाहेब यांनी मला त्याच्यापुढे जुंपलंय. मी उतरायचं आणि त्यानं माझ्या मागच्या चाकाला चिकटून उतरायचं. मी ओरडतो, ‘उजवं!’, ‘डावं!’, ‘खडी!’ आणि दर वेळी तो मागून ‘हो’ म्हणतो. काल मला म्हणाला, “आजोबा, तुझी पाठ समोर असली की मला दरी दिसत नाही.”

आजोबा! तेहतिसाव्या वर्षी!

हसू नकोस. माझा करार सप्टेंबरात संपतोय. दहा वर्षं या घोळक्यात मी पाणक्या आहे, दुसऱ्यांच्या बाटल्या वाहिल्या, दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घेतला, स्वतः एक शर्यत जिंकली नाही. असल्या म्हाताऱ्या पाणक्याला कोण ठेवणार? पण हा पोरगा वुएल्ता, तीन आठवड्यांची ती स्पेनची मोठी शर्यत, जिंकला तर तो म्हणेल, मला आजोबा पाहिजेत. मग आणखी दोन वर्षं निघतील. नाहीतर सेल्सोला सांगून ठेव, खाणीत माझ्यासाठी एक टोपी राखून ठेवायला.

नोरिनो


ला ब्रान्या, १७ मार्च

नोरिनो,

टोपी नाही मिळायची. सेल्सो म्हणतो, खाणीत आता आहेत त्यांनाच घरी पाठवताहेत. शिवाय बाबांची छाती त्या धुळीनं कशी पोखरली ते तू पाहिलंस, मग गमतीतसुद्धा असलं बोलू नये.

गालाना व्यायली. कालवड झाली. रात्रभर पाऊस, गोठ्यात गुडघाभर चिखल, आणि माझा नवरा सेल्सो सायडर पिऊन घोरत पडलेला. सगळं माझ्याच हातून झालं. कालवड टकाटका बघते, फार गोड आहे.

आता मुद्द्याचं. पेपरात तुझा फोटो आला, व्हॅलेन्सियाच्या शर्यतीतला. सेल्सो म्हणाला, काय झकास आलाय. मी म्हटलं, मान बघ त्याची. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे आणि तुझं एकट्याचं उजवीकडे वळलेलं. फोटोवाल्याकडे बघत होतास म्हणावं, तर फोटोवाला डावीकडे. बाबांचं ते खेचर आठवतं? उजवा डोळा गेला तेव्हा असंच मान वळवून चालायचं.

भुवईवर चार टाके म्हणालास. कुठल्या भुवईवर?

तेल्वा


व्हितोरिया, ६ एप्रिल

तेल्वा,

उजव्या.

तुझ्या पत्राला तीन उत्तरं लिहून फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की मान आखडलीय. दुसऱ्यातही तेच. तुझ्याशी खोटं बोलायला बसलं की मला आपल्या स्वयंपाकघरातलं तुझं तोंड दिसतं.

पडल्यानंतर आठवड्यानं डोळ्यासमोर माश्या उडाल्यासारखं झालं. मग ठिणग्या. मग कडेनं एक काळा पडदा सरकायला लागला, रोज थोडाथोडा. व्हॅलेन्सियात डोळ्यांच्या एका डॉक्टरकडे गेलो. नाव खोटं सांगितलं, धंदा फर्निचरचा सांगितला. माझे पाय बघून तो काय समजायचं ते समजला असेल. म्हणाला, डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. या आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर डोळा गेला. आणि ऑपरेशननंतर सहा महिने साधा धक्कासुद्धा नको. मी हसलो तेल्वा. सहा महिने म्हणजे सप्टेंबर.

त्याला आता एक महिना होईल. उजव्या डोळ्यानं मला जुन्या बाटलीच्या काचेतून दिसावं तसं दिसतं, तेही खालच्या एका पट्टीत. पेल्यात पाणी ओतायला गेलो की टेबलावर सांडतं. घोळक्यात कुणी उजवीकडून आलं तर कळत नाही, खांदा लागला की कळतं. पण उतार जमतो. उतार मी कानानं उतरतो, पायांनी उतरतो. अर्ध्या स्पेनचे घाट मला पाठ आहेत.

कोल्दोला माहीत नाही. कुणालाच नाही, फक्त तुला. आणि तू कुणाला सांगणार नाहीस. आईच्या थडग्याची शपथ आहे तुला. आता फक्त वुएल्ता, तीन आठवडे. मे महिन्यात मी स्वतः जाऊन त्या टेबलावर झोपेन.

मी सायकल सोडली तर काय करणार, सांग ना. खाण नाही. गाई तुझ्या. तेराव्या वर्षापासून दुसरं काही केलं नाही, आणि एका डोळ्याच्या माणसाला कुणी गाडीसुद्धा चालवायला देणार नाही.

नोरिनो


ला ब्रान्या, ११ एप्रिल

गाढवा,

पत्र वाचलं आणि दुधाची चरवी हातातून सुटली. सेल्सोला सांगितलं, गाईनं लाथ मारली.

आजच्या आज घरी ये. पडदा, पट्टी, कानानं उतरतो म्हणे! कानानं वटवाघूळ उडतं. तू ताशी ऐंशीच्या वेगानं डोंगरावरून खाली येतोस आणि अर्धा रस्ता तुला दिसत नाही.

इथं काय करशील ते मग बघू. गोठ्यात झोप, माझ्या डोक्यावर मिऱ्या वाट, काही कर. माणूस जिवंत असला की काहीतरी सुचतं.

तुला मरायचंच असेल तर तो तुझा हट्ट, मी तुला अडवू शकले नाही कधी. पण तुझ्या मागे कुणाचं तरी पोर आहे, नोरिनो. त्याला वाटतं पुढच्याला दिसतंय. त्याच्या आईला विचारलंस का?

उत्तर पाठव. नुसतं ‘येतो’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

तेल्वा


ला ब्रान्या, १६ एप्रिल

माननीय सेन्योर रिपोल,

मी तुमच्या टीममधल्या ओनोरिनोची मोठी बहीण. आपली ओळख नाही. मी गाईगुरं पाळणारी बाई आहे, पत्र कसं लिहावं ते मला नीट येत नाही, माफ करा.

माझ्या भावाला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. फेब्रुवारीत पडला तेव्हापासून. व्हॅलेन्सियाच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं, त्यानं केलं नाही. करार जाईल म्हणून त्यानं तुमच्यापासून लपवलंय. मी त्याला बोलावलं, तो उत्तर देत नाही. तो वुएल्ताला उभा राहिला तर स्वतः मरेल नाहीतर त्या रेकार्ते नावाच्या मुलाला मारेल.

त्याला शर्यतीतून काढा. काहीही कारण सांगा. फक्त मी लिहिलं हे त्याला सांगू नका. आईची शपथ मोडून लिहितेय.

आपली,
एतेल्विना


व्हॅलेन्सिया, २१ एप्रिल

प्रिय सेन्योरा एतेल्विना,

आपले पत्र मिळाले. बहिणीची काळजी मी समजू शकतो. आपल्या बंधूंची आमच्या डॉक्टरांनी तपासणी केली असून त्यांची दृष्टी शर्यतीसाठी पुरेशी आहे. पडल्यानंतर असा त्रास काही दिवस होतो व आपोआप बरा होतो. आपण निर्धास्त राहावे.

एक विनंती. हा विषय वृत्तपत्रांपर्यंत गेल्यास नुकसान ओनोरिनो यांचेच होईल. त्यांना पुढील वर्षीही टीममध्ये ठेवण्याचा आमचा विचार आहे. आपल्या पत्राबद्दल मी त्यांना अर्थातच काही सांगणार नाही.

आपला नम्र,
बाल्दोमेरो रिपोल


ला ब्रान्या, २५ एप्रिल

नोरिनो,

हे पत्र बुर्गोसच्या हॉटेलवर पाठवतेय, तुमचा मुक्काम पेपरात छापलाय.

मी तुला फार बोलले. राग धरू नकोस. असल्या गोष्टी डॉक्टर लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. तू काळजी घे म्हणजे झालं.

तीन तारखेला तुम्ही सान लोरेन्ते घाटावरून जाणार. मी आणि सेल्सो माथ्यावर उभे राहू. औषधवालाही येतोय, त्यानं चादरीवर तुझं नाव रंगवलंय, अक्षरं वाकडी आलीत. भाकरी आणि सॉसेज आणते. थांबणार नाहीस, माहीत आहे. तरी आणते.

तेल्वा


बुर्गोस, २९ एप्रिल

तेल्वा,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. तू शिव्या थांबवल्यास म्हणजे तुलाही पटलं असणार, आता मागे फिरण्यात अर्थ नाही.

कोल्दो दुसरा आहे! पुढचा फक्त बावीस सेकंदांनी पुढे. सान लोरेन्तेला तो सगळ्यांना मागे टाकणार आणि खाली मी त्याला सांभाळून आणणार, असं ठरलंय. पोरगा जेवताना माझ्या शेजारीच बसतो, डाव्या बाजूला. उजवीकडून कुणी बाटली पुढे केली की मला दिसत नाही, तो हसून ती माझ्या हातात देतो. त्याला वाटतं आजोबा झोपेत आहेत.

एक नवल सांगतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी रिपोल माझ्या खोलीत आले. दहा वर्षांत कधी आले नव्हते. खाटेवर बसले, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “काय म्हाताऱ्या, दिसतंय ना नीट?” म्हटलं, दिसतंय. म्हणाले, “मला तेवढंच ऐकायचं होतं. तुझ्याशिवाय हा पोरगा घाट उतरत नाही. जिंकून दे, दोन वर्षांचा करार तुझा.” हात हातात दिला त्यांनी.

दोन वर्षं, तेल्वा! आणि दर सकाळी उठलो की आधी डावा डोळा झाकून बघतो. खालची ती पट्टीही गेली. आता नुसता अंधार आहे.

अजून दोन आठवडे. फक्त दोन.

नोरिनो


लेओन, हॉस्पिटल, ५ मे

तेल्वा,

रेडिओवर ऐकलं असशील. रेडिओवर सांगतात तसं झालं नाही.

माथ्यावर तुमची चादर दिसली. तुझा आवाज ऐकू आला, तू कुठं होतीस ते दिसलं नाही. कोल्दो पहिला होता, मागचे चाळीस सेकंद मागे. मी सकाळीच घोळक्यातून पुढे निघालो होतो; त्यानं माथ्याजवळ मला गाठलं तसा त्याच्या पुढे झालो आणि खाली सुटलो. पाऊस थांबला होता, रस्ता चमकत होता. पहिली सहा वळणं मी ओरडलो आणि सहाही वेळा त्यानं ‘हो’ म्हटलं. पोरगा खुशीत होता. एकदा तर म्हणाला, “आजोबा, आणखी जोरात!”

सातवं वळण उजवं. आतल्या बाजूला दरड घसरून खडी पडली होती. माझं चाक तिच्यापासून वीतभर लांबून गेलं. नशिबानं, दुसरं काही नाही. मला ती दिसलीच नाही. दोन डोळ्यांचा माणूस पन्नास मीटरवरून ओरडला असता, ‘खडी!’

मी ओरडलो नाही.

काही ऐकूही आलं नाही. वारा होता. पुढच्या वळणाला मी म्हटलं, ‘डावं!’ ‘हो’ आलं नाही. त्याच्या पुढच्या वळणाला पुन्हा ओरडलो. मग ब्रेक दाबले आणि मागे बघितलं. रस्ता रिकामा होता.

सायकल टाकून घाट वर पळत चढलो, त्या सायकलच्या बुटांनी, घसरत. तो कठड्याखाली बारा मीटरवर होता. खुबा, मांडी, कमरेचे दोन मणके. जगेल म्हणतात. पुन्हा सायकल चालवण्याबद्दल विचारलं तर डॉक्टर खिडकीबाहेर बघतो.

रिपोल इथं आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, “खडी ती खडी. रस्ता ओला होता. आणखी एक शब्द बोलायचा नाही.” पेपरवाल्यांना त्यांनी दुर्दैव म्हणून सांगितलं. आज सकाळी करार पाठवला, त्यांची सही केलेला. दोन वर्षांचा. माझी सही तेवढी राहिलीय.

कोल्दोची आई नाव्हार्राहून आलीय. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “तुम्हीच त्याला शोधलंत ना?”

मी ‘हो’ म्हणालो.

नोरिनो


ला ब्रान्या, ९ मे

नोरिनो,

आता मला सांगावंच लागेल. तुला राग येऊ दे, जन्मभर बोलू नकोस, पण सांगते.

मी शपथ मोडली होती. सोळा एप्रिलला मी रिपोलला लिहिलं. सगळं लिहिलं, डोळ्याचं, ऑपरेशनचं, त्या पोराचं. त्याचं उत्तर यासोबत जोडलंय. वाच. तुला तपासलं म्हणतो. कुणी तपासलं होतं का तुला? तू काही लिहिलं नव्हतंस म्हणून मला वाटलं, लाजेनं सांगत नसशील. शिकलासवरलेला माणूस, छापील कागद, सही. मी सुटकेचा श्वास सोडला, नोरिनो. त्या रात्री मी महिन्याभरात पहिल्यांदा झोपले.

तुझ्या बुर्गोसच्या पत्रात ते खाटेवर येऊन बसले असं लिहिलंस, तेव्हा मी कॅलेंडर काढलं. तारीख लावून बघितली. माझं पत्र त्यांच्या खिशात होतं तेव्हा. तरी मी मनाला समजावलं. घाटावर तू आमच्यासमोरून गेलास, मान तशीच वळलेली, त्या खेचरासारखी. मी तुझ्यापासून दोन हातांवर होते आणि तू मला पाहिलं नाहीस. तेव्हा मला कळलं. मागून त्यांची गाडी आली. मी बोनेटवर हात आपटला, ओरडले. त्यांनी काच वर केली आणि हात हलवला, जसं काही मी टाळ्या वाजवायला आले होते.

मी रस्त्यात आडवं पडायला हवं होतं. तू माथ्यावर येण्याआधी. सेल्सो म्हणतो, त्यानं काही झालं नसतं. सेल्सोला काय कळतं.

तुझं पाप तुझं आहे, ते मी कमी करणार नाही. पण तू एकट्यानं केलेलं नाही. त्याला माहीत होतं. मला माहीत होतं. फक्त त्या पोराला माहीत नव्हतं.

काय करायचं ते तू ठरव. मी आता काही लपवणार नाही, कुणी विचारलं तर सगळं सांगेन.

तेल्वा


पाम्प्लोना, २ जून

तेल्वा,

तुझ्यावर राग नाही. आधी दोन दिवस होता, भयंकर. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. आख्ख्या जगात फक्त तू त्या पोरासाठी काहीतरी केलंस, तेही मी तुला शपथ घातलेली असताना.

मला कुणी तपासलं नव्हतं.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, मार्चमध्ये आला असतात तर. डोळा आहे, पण शोभेला.

कराराचा कागद फाडला नाही, तसाच परत पाठवला, सही न करता, तुझ्या पत्राचा उल्लेख करून. उत्तर आलं नाही. सायकल महासंघाला सगळं लिहून दिलं, फक्त रिपोलचं पत्र जोडलं नाही, ते आधी कोल्दोच्या हाती द्यायचं होतं. रिपोल म्हणतात, असं कुठलंही पत्र त्यांना आलं नाही, आणि ज्या माणसाचा करार गेला तो काहीही बोलतो. कालच्या पेपरात माझ्या नावापुढे ‘कृतघ्न’ असा शब्द आहे. औषधवाल्यानं ते कापून लावू नये म्हणजे झालं.

पण पेपरात येण्याआधी कोल्दोला माझ्याकडून कळायला हवं होतं, म्हणून परवा इथं आलो, त्याला लेओनहून इथल्या हॉस्पिटलात हलवलंय. पाय वर टांगलेला, कमरेला प्लास्टर. मला बघून हसला. “आजोबा! मला वाटलं, विसरलास.” मी त्याच्या आईला म्हटलं, पाच मिनिटं आम्हाला एकटं सोडा. ती बाहेर गेली.

मी उभ्यानंच सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुढं बोललो नसतो.

त्यानं विचारलं, “कधीपासून?”

“मार्चपासून.”

“म्हणजे एप्रिलमधले घाट?”

“सगळे.”

“आणि ती बाटली? उजवीकडून कुणी पुढे करायचं, मी तुझ्या हातात द्यायचो ती?”

“दिसायची नाही.”

त्यानं छताकडे बघितलं. म्हणाला, “मी आईला रोज फोनवर सांगायचो, काळजी करू नको, माझ्यापुढे नोरिनो असतो.” मला तो नेहमी आजोबा म्हणायचा. नाव घेतलेलं पहिल्यांदा ऐकलं.

मी रिपोलचं पत्र त्याच्या पांघरुणावर ठेवलं. म्हटलं, त्यांनाही माहीत होतं, हे पुरावा म्हणून ठेव, तुला हवं ते कर. त्यानं वाचलं. घडी घातली. “एकानं लपवलं आणि दुसऱ्यानं झाकलं,” म्हणाला, “आणि पडलो मी.” मग म्हणाला, “जा आता.” ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाहेर येऊन रस्त्यापलीकडच्या बाकावर बसलो. किती वेळ ते माहीत नाही. कोल्दोची आई, मारिचू, रस्ता ओलांडून आली. उजवीकडून आली, त्यामुळे सावली पडली तेव्हाच कळलं.

“तो म्हणतो, पुन्हा येऊ नका,” ती म्हणाली. “तुमचं काय बिनसलं ते मी विचारत नाही, तो दुखण्यानं चिडचिडा झालाय. मनावर घेऊ नका.” आणि माझ्या हातात कागदाची पुरचुंडी ठेवली. पावात घातलेलं बटाट्याचं ऑम्लेट, अजून गरम. “सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. माझ्या मुलाला तुम्ही दरीतून वर काढलंत, मी एवढंही करू नये?”

तेल्वा, तू विचारलं होतंस, त्याच्या आईला विचारलंस का. मी घेऊन खाऊ शकलो असतो. ती गेली असती.

मी तिला सांगितलं. तिथंच, फूटपाथवर, माणसं येत-जात असताना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, एकदा या डोळ्याकडे, एकदा त्या डोळ्याकडे, कुठला तो कळावा म्हणून असेल. मी बोलायचा थांबलो तेव्हा तिनं हात पुढे केला. माझ्या हातातली पुरचुंडी काढून घेतली, कागद नीट दुमडला, आणि रस्ता ओलांडून आत गेली.

गुरुवारच्या बसनं घरी येतोय. कुणाला सांगू नकोस.

नोरिनो